डब्यावरची राख

दिवाळी उलटून आठ दिवस झाले नव्हते, आणि फराळाचा डबा तिसऱ्यांदा हलका लागला, तेव्हा सुलोचनाबाईंनी चुलीतली राख फडक्यातून चाळून घेतली. ही विद्या त्यांना सासऱ्याकडून मिळालेली. खळ्यावर धानाची रास पडली की म्हातारा राशीवर जागोजागी राखेचे ठसे उमटवायचा. कोणी रास उकरली की ठसा मोडायचा आणि चोर येऊन गेल्याचं सकाळी त्याला समजायचं. आता धान मशीनमधून थेट पोत्यात पडतं, राखेला कोणी विचारत नाही. पण सुलोचनाबाईंनी ती विद्या वाया जाऊ दिली नाही. शेतावर जाण्याआधी त्यांनी चिवड्याच्या, लाडवांच्या आणि गुळाच्या डब्यांवर राख भुरभुरली, झाकणांवर आपला तळहात हलकेच टेकवला आणि बाहेर पडल्या.

संशय कोणावर होता हे सांगायला नको. घरात बाहेरून आलेलं माणूस एकच होतं, सून रिंकू.

रिंकू सालेकशाकडची. भूपेंद्रशी लग्न होऊन तिला दीड वर्ष झालं होतं. नर्सिंगचं एक वर्ष करून शिक्षण सुटलेली ही पोरगी मोठ्यानं हसायची आणि पोटभर जेवायची. दुसऱ्यांदा भात घेताना आजूबाजूला बघायची पद्धत असते, तीसुद्धा तिला ठाऊक नव्हती. सुलोचनाबाईंच्या लेखी एवढा पुरावा पुष्कळ होता. माहेरी पाच भावंडं, म्हणजे लाडू पोटात तरी जात असणार किंवा पिशवीतून सालेकशाला तरी. दुपारी सगळे धानकापणीला गेले की घरी दोघीच उरत, रिंकू आणि सुलोचनाबाईंची मुलगी गुंजन. त्यातल्या गुंजनवर संशय घ्यायचा म्हणजे देवळातल्या मूर्तीवर प्रसाद चोरल्याचा आळ घेण्यासारखं होतं.

कारण गुंजन खातच नव्हती. गेल्या उन्हाळ्यात तिरोड्याकडचे पाहुणे तिला पाहून गेले. पोहे खाता खाता त्यांच्यातली एक बाई म्हणाली, ‘‘पोरगी चांगली आहे, पण अंगानं जराशी भरली आहे.’’ पुढे होकार काही आला नाही. त्या दिवशी जेवायच्या वेळी सुलोचनाबाईंनी गुंजनच्या ताटातला अर्धा भात उचलून परत भाताच्या गंजात टाकला. नंतर गुंजन स्वतःच भात काढून ठेवू लागली, आणि पावसाळा सरेपर्यंत तिच्या ताटात चमचाभर भात आणि भाजीचं पाणी एवढंच राहिलं. धानाच्या मुलखात भाताला नाही म्हणणारी पोरगी! सुलोचनाबाई शेजारच्या सुशिलाबाईंना अभिमानानं सांगायच्या, ‘‘आमच्या गुंजनचा जिभेवर ताबा आहे व बाई.’’ तिचे गाल बसले, केस गळायला लागले, ती सावलीत बसूनही अंगावर शाल घ्यायला लागली. सुलोचनाबाई म्हणायच्या, अभ्यासाचा ताण आहे. येत्या रविवारी वारासिवनीचे पाहुणे येणार होते आणि या खेपेला कोणी ‘भरली आहे’ म्हणायची सोय नव्हती.

संध्याकाळी परत येऊन त्यांनी डबे पाहिले. गुळाच्या झाकणावरचा तळहात पार पुसला गेला होता. त्यांनी रिंकूला हाक मारली आणि तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. हात स्वच्छ होते.

‘‘काऊन मम्मी, काय झालं?’’

‘‘काही नाई. जा.’’

आता हात स्वच्छ म्हणजे माणूस निर्दोष, असं तुम्ही-आम्ही म्हणू. सुलोचनाबाई म्हणाल्या, बघा, किती सराईत आहे! हातसुद्धा धुऊन ठेवले.

दोन दिवसांनी दुपारी त्यांचं डोकं दुखायला लागलं म्हणून त्या शेतावरून लवकर परतल्या. रिंकू शिदोरी घेऊन त्याच वेळी शेताकडे निघाली होती आणि वाटेत त्यांना भेटलीसुद्धा. घरी आल्या तर न्हाणीतून गुंजन बाहेर येत होती. डोळे लाल, तोंड ओलं. तिच्या पिवळ्या कुर्त्यावर, कमरेशी, राखेची चार बोटं उमटलेली होती. हात पुसल्यावर उमटतात तशी, अगदी स्पष्ट.

सुलोचनाबाईंनी ती बोटं पाहिली. मग गुंजनकडे पाहिलं. गुंजन कुठेच पाहत नव्हती.

‘‘काय होऊन राहिलं तुले?’’

‘‘काही नाई. पोट दुखून राहिलं होतं.’’

‘‘कुर्ता काढ तो. धुऊन टाकते.’’

सून आल्यापासून ज्या बाईनं स्वतःची साडी धुतली नव्हती, तिनं त्या दिवशी भर दुपारी मोरीवर बसून पोरीचा कुर्ता खसाखसा घासला. राख गेली तरी घासत राहिली. आणि कुर्ता दोरीवर टाकेपर्यंत तिचं मन सगळी वाट चालून परत आलेलं होतं. रिंकूनंच लावली ही राख. आपण राख टाकतो हे त्या नर्सबाईला कळलं असणार, आणि आळ नणंदेवर जावा म्हणून तिनं मुद्दाम हे केलं. संशयी माणूस सगळ्यांवर संशय घेतो हे काही खरं नाही. जिथं घ्यायला हवा तिथं त्याची छाती होत नाही, म्हणून तर बाकीच्या जगावर तो एवढा घेतो.

शुक्रवारी सुलोचनाबाईंनी तोफ डागली. भूपेंद्र आणि त्याचे वडील बकाराम जेवायला बसले होते. बकाराम कमी बोलणारा माणूस. त्यांच्या ‘हाव’मध्ये, म्हणजे ‘हो’मध्ये, होकार, नकार आणि ‘मला यात ओढू नका’ हे तिन्ही मावत.

‘‘घरात चोर शिरला आहे,’’ सुलोचनाबाई म्हणाल्या. ‘‘पाच शेर गूळ होता. मागितला असता त कोणी नाई म्हटलं असतं का? पण चोरून खायाची आदत लागली ना माहेरून.’’

रिंकूच्या हातात वरणाची वाटी होती. ती तशीच थांबली. ‘‘मले म्हणून राहिल्या का मम्मी?’’

‘‘मंग कोणाले म्हणू? भिंतीले?’’

रिंकूनं गुंजनकडे पाहिलं. गुंजन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सगळ्यांना वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. रिंकूला तर फार वाटलं असावं, कारण ती बराच वेळ पाहत राहिली.

‘‘मले काही माहीत नाई,’’ गुंजन म्हणाली. तिच्या आवाजात ना भीती होती, ना खोटेपणा. बसची वेळ सांगावी तसं ती बोलली.

मग रिंकूनं वाटी खाली ठेवली. ‘‘मम्मी, चोर पकडाचा असन त पकडा. पण दुपारी न्हाणीत बादल्यावर बादल्या कायले ओतल्या जाते, ते बी एकदा पाहा. त्या पोरीले डॉक्टरकडं न्या. मी दोन खेप तिच्याशी बोलाले गेली, तिनं दार लावून घेतलं.’’

सुलोचनाबाईंनी ते ऐकलं आणि त्याचा तिथल्या तिथं राग करून टाकला. परवा दिवशी पाहुणे यायचे आणि ही बया पोरीच्या नावावर काहीतरी चिकटवायला निघाली! लग्नाच्या पोरीला डॉक्टरकडं न्या म्हणजे गावानं काय समजायचं? त्यांनी तिथेच सालेकशाला फोन लावला आणि विहीणबाईंना, रुख्माबाईंना सांगितलं, ‘‘तुमची पोरगी घरात चोरून खाते, अन् आता माह्या पोरीवर आळ घालून राहिली. घेऊन जा.’’ भूपेंद्र ‘मम्मी, मम्मी’ करत राहिला. बकाराम ‘हाव’ म्हणाले. शनिवारी सकाळी भूपेंद्र मोटरसायकलवर रिंकूला माहेरी सोडून आला. जाताना ती रडली नाही, यावरही सुलोचनाबाईंनी संशय घेतला.

चोर गेला. त्यामुळे आता चोरी थांबायला हवी होती.

त्याच संध्याकाळी रविवारच्या पाहुण्यांसाठी केलेल्या करंज्या अर्ध्या झाल्या. सुलोचनाबाईंनी आधी मांजरावर संशय घेतला. मांजर झाकण परत लावत नाही, हे लक्षात आल्यावर बकारामांवर घेतला. ‘‘डॉक्टरनं गोड बंद केलं आहे ना तुमचं? तोंड उघडा.’’ बकारामांनी तोंड उघडलं. आत तंबाखू होता. भूपेंद्र दिवसभर घराबाहेरच होता. मग पाहण्यासारखं कोणी राहिलं नाही. जे राहिलं होतं त्याचं नाव त्या मनात घेत नव्हत्या.

रविवारी सकाळी वारासिवनीहून फोन आला, गाडी मिळाली नाही, पाहुणे बुधवारी येतील. सुलोचनाबाईंनी ‘बरं झालं’ म्हटलं आणि का म्हटलं हे त्यांचं त्यांना कळेना. दुपारी त्या शेतावर जाते सांगून निघाल्या. तळ्याच्या पाळीपर्यंत गेल्या आणि मागे फिरल्या. आपल्याच घरात त्या मागच्या दारानं, चपला हातात घेऊन शिरल्या.

गुंजन स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. मांडीत सकाळच्या भाताचा गंज. सोबत ना वरण, ना मीठ. ती मुठीमुठीनं गार भात तोंडात कोंबत होती, नीट चावत नव्हती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. भूक नव्हती, चव नव्हती, चोरी करणाऱ्याची लबाडीसुद्धा नव्हती. आपल्या पोरीला इतक्या घाईनं जेवताना सुलोचनाबाईंनी ती लहान असतानाही पाहिलं नव्हतं. ‘पकडलं’ म्हणून ओरडायला त्या इतके दिवस टपल्या होत्या, आणि आता त्या दाराआडच उभ्या राहिल्या. गंज रिकामा झाला. गुंजन उठली, न्हाणीत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, पाणी बादलीत धो धो पडू लागलं, आणि त्या आवाजाखाली दुसरा आवाज. महिनाभर तो त्यांच्या कानावर पडत होता. पोरगी कपडे धुते आहे, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या.

दार उघडलं तेव्हा त्या समोर उभ्या होत्या.

‘‘केव्हापासून आहे हे?’’

‘‘माहीत नाई.’’

‘‘भूक लागली होती का?’’

‘‘नाई.’’

‘‘मंग माह्यावर राग धरून राहिली?’’

‘‘नाई.’’

‘‘रिंकू गेली त्याचं वाईट वाटलं?’’

गुंजननं थोडा विचार केला, परक्या माणसाबद्दल विचारल्यावर करतात तसा. ‘‘मले नाई समजत, मम्मी. पोटात गोळा येते. खाल्लं का तो दबते. मंग लय भरल्यासारखं होते.’’

‘‘पण गोळा कायचा?’’

‘‘मले काय माहीत कायचा!’’

आपल्याला काय होतं ते आपल्याला कळत नाही, असं कधी असतं का? सुलोचनाबाईंना ते पटेना. ही काहीतरी लपवते आहे. नक्की कोणीतरी पोरगा आहे. त्यांनी पोरीच्या हातातला मोबाईल ओढून घेतला आणि उभ्याउभ्या सगळा धुंडाळला. पोराचं नाव कुठेच नव्हतं. अभ्यासाच्या नोट्स होत्या, आणि वारासिवनीला पाठवलेला गुंजनचा फोटो होता. त्याच फोटोच्या पंधरा-वीस नकला होत्या, प्रत्येकीत कंबर थोडी आणखी बारीक केलेली. शेवटच्या नकलेत पोरगी उभी राहू शकेल असं वाटत नव्हतं.

सुलोचनाबाईंनी मोबाईल परत दिला. गुंजन आईकडे पाहत होती, पण समजत तिलाही काही नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांनी आमगावहून गाडी पकडली आणि सालेकशाला निघाल्या. कोणी बोलावलं नव्हतं. वाटेत त्यांनी तीन थापा तयार केल्या. उंदीर निघाला म्हणायचं. शेजारच्या सुशिलाबाईचं नाव घ्यायचं. नाहीतर म्हणायचं, झालं गेलं विसरा, भूपेंद्रची आबाळ होऊन राहिली. तिन्ही थापा चांगल्या होत्या आणि तिन्हींत गुंजनचं नाव नव्हतं. बुधवारचे पाहुणे अजून हातचे गेले नव्हते.

रुख्माबाईंनी विहिणीला अंगणात खाट टाकून दिली. पाणी दिलं, आणि ताट वाढून आणलं. गरम भात, वरण, वांग्याची भाजी. आपल्या लेकीला चोर म्हणणाऱ्या बाईपुढं त्यांनी भाताचा डोंगर रचला होता. सुलोचनाबाईंना त्यातही संशय आला, ही टोमणा मारते आहे का? पण रुख्माबाईंचं तोंड साधं होतं. पाहुणी जेवण्याच्या वेळी आली म्हणून वाढलं, इतकंच.

रिंकू चौकटीत उभी होती. ‘‘चोर सापडला का, मम्मी?’’

उंदीर, सुलोचनाबाई मनात म्हणाल्या. उंदीर म्हण. त्यांनी एक घास तोंडात घातला. तो घशाखाली जाईना. जेवणावर कधी न रुसलेल्या त्या बाईला पहिल्यांदा कळलं की समोर अन्न असून गिळता येत नाही म्हणजे काय.

‘‘सापडला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माह्याच पोटचा आहे.’’ आणि मग थांबता येईना. ‘‘समधीनबाई, तुमच्या पोरीनं काही खाल्लं नाई. मी खोटी बोलली. अन् मले आधीच माहीत होतं. मी डोयांनी पाहिलं होतं, तरी तुमाले फोन लावला.’’

रुख्माबाईंना राग आला. तो त्यांनी लपवला नाही. ‘‘शेजारपाजारच्यांनी ऐकला तो फोन. स्पीकर चालू होता,’’ त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

रिंकू येऊन खाटेच्या काठावर बसली. ‘‘ती खाऊन उलटी करते ना?’’

‘‘तुले कसं समजलं?’’

‘‘नर्सिंगच्या होस्टेलात होती एक पोरगी. ती बी असंच म्हणे, मले काही होत नाई. चोरी नोहे मम्मी ती, बिमारी आहे. गोंदियाले डॉक्टरीनबाई आहे, त्याच पोरीले घेऊन गेलो होतो आमी. बोलूनच इलाज करते, पण दिवस लागते.’’ तिनं सासूकडे पाहिलं. ‘‘अन् तुमाले काय वाटून राहिलं?’’

‘‘मले?’’

‘‘हाव, तुमाले.’’

सुलोचनाबाईंना हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तर त्यांनी त्यामागचा हेतू शोधला असता. ‘‘डोकं दुखते,’’ त्या म्हणाल्या.

‘‘ते नाई विचारलं.’’

‘‘छाती भरून आली. पित्त झालं असन.’’ हे म्हणताना त्यांच्या कानांना आपल्याच तोंडून गुंजनचा आवाज ऐकू आला. पोटात गोळा येते. मले काय माहीत कायचा. ही पोरगी हे कुठून शिकली, ते त्यांना त्या खाटेवर बसून कळलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. ‘‘भेव वाटते व रिंकू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लय भेव वाटते. पोरगी मरते का काय, असं वाटते.’’

रिंकूनं लगेच माफ केलं असं काही झालं नाही. ती म्हणाली, ‘‘तुमी आल्या म्हणून मी येऊन राहिली नाई. गुंजनसाठी येऊन राहिली.’’ आणि पिशवी भरायला गेली. दुपारच्या गाडीनं दोघी आमगावला उतरल्या. सबंध वाटेत त्या एकमेकींशी पाच वाक्यं बोलल्या असतील. स्टेशनवरूनच सुलोचनाबाईंनी बकारामांना फोन केला. ‘‘वारासिवनीवाल्यांले सांगा, बुधवारी येऊ नका. पोरीची तब्येत बरी नाई.’’

‘‘हाव,’’ बकाराम म्हणाले. मग पहिल्यांदाच पुढे बोलले, ‘‘मले बी तसंच वाटत होतं.’’

घरी गुंजन तिच्या खोलीत खाटेवर पडून होती, भिंतीकडे तोंड करून. ऊन खिडकीतून थेट अंगावर येत होतं तरी शाल पांघरलेली. रिंकू बाहेर अंगणात पाय धूत थांबली. सुलोचनाबाई आत जाऊन पायथ्याशी बसल्या. नेहमीच्या सवयीनं त्यांच्या जिभेवर आलं, आज काय खाल्लं? त्यांनी ते गिळलं.

‘‘गुंजन, मले भेव वाटून राहिलं.’’

गुंजन वळली. तिनं आईकडे पाहिलं ते सरळ नाही, तिरकं. इतके दिवस सुलोचनाबाईंनी ज्या नजरेनं डब्यांकडे पाहिलं होतं तीच नजर पोरीच्या डोळ्यांत होती. ही आता आपल्याकडून काय काढून घेणार?

‘‘कायचं भेव?’’

‘‘तू मरशीन याचं. तुह्या ताटातला भात मी काढला होता त्याचं. तुले काय होते ते तुलेच समजत नाई, अन् मलेबी आजवर माहं काही समजलं नाई, त्याचं.’’

सुलोचनाबाईंना विचारावंसं वाटत होतं, खोदावंसं वाटत होतं, पण त्या हात मांडीत दाबून बसून राहिल्या. पोरीचा हात पोटाकडे गेला, तिथं थांबला, मग वर छातीपाशी आला. काळोख्या घरात स्विच चाचपावा तशी ती आपल्या अंगात काहीतरी चाचपत होती.

‘‘मले...’’ ती म्हणाली आणि थांबली. ‘‘तो गोळा नाई व मम्मी. मले... वहिनीची लाज वाटते. तिले घरून काढलं, अन् मी चूप राहिली.’’

‘‘वाटालेच पाहिजे,’’ दारातून रिंकू म्हणाली. दोघी दचकल्या. रिंकूचे पाय अजून ओले होते. ‘‘चूप राहिल्याची वाटाले पाहिजे. खाल्ल्याची नाई.’’

ती आत आली आणि खाटेवर नणंदेच्या शेजारी, जागा करून घेत, बसली. गुंजन रडायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, अंग गदागदा हलेपर्यंत. शेजारी सुशिलाबाई ऐकत असतील याची सुलोचनाबाईंना जाणीव झाली. त्यांनी उठून खिडकी लावली नाही.